हलक्या डेस्कटॉपवर पडदा विझू द्या : जुन्या संगणकांना पुन्हा उभे करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शाळा, वाचनालये आणि ग्रामपंचायतींमधल्या जुन्या संगणकांवर लिनक्स बसवून देणारे सर्व स्वयंसेवक,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सुट्टीच्या दिवशी, पदरचे पेट्रोल घालून येता. कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या मशीनची झाकणे उघडता, रॅमच्या पट्ट्या पुसता, झुबुंटू, लुबुंटू असे हलके लिनक्स किंवा डेबियन लिनक्सवरचा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप (खिडक्या आणि मेन्यू दाखवणारा भाग) बसवता, आणि बंद पडलेली लॅब पुन्हा सुरू होते. अशीच एक लॅब माझ्याकडे आहे. तुम्ही निघून गेल्यावर ती मशीन्स वर्षभर कशी वागतात हे मी रोज बघते, म्हणून तुमच्याकडे एक मागणी घेऊन आले आहे.

या मशीनवर स्क्रीनसेव्हर, म्हणजे काम थांबले की आपोआप सुरू होणारी हलती चित्रे, चालू करून देऊ नका. समोर कोणी नसेल तर पाच मिनिटांत पडदा पूर्ण विझेल, असे लावून द्या. आणि कुलपाचा म्हणजे लॉकचा विचार त्यापासून अगदी वेगळा करा.

मागणी किरकोळ वाटेल. पण हलके डेस्कटॉप आपण निवडतो ते दोन कारणांसाठी : यंत्र जुने आहे आणि वीज मोजून वापरायची आहे. स्क्रीनसेव्हर या दोन्ही कारणांच्या थेट विरोधात जातो.

स्क्रीनसेव्हर आला कुठून, ते तुम्हाला ठाऊकच आहे. जुन्या, मागे फुगीर असलेल्या डबा मॉनिटरच्या काचेला आतून फॉस्फरचा, म्हणजे उजळणाऱ्या पदार्थाचा थर असतो. एकच चित्र तासन्‌तास राहिले की तो थर तिथे लवकर झिजतो आणि चित्राची सावली कायमची उमटते. जुन्या एटीएमवर आणि रेल्वेच्या पडद्यांवर अशा सावल्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. त्यावर जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तो डिसेंबर 1983 च्या ‘सॉफ्टटॉक’ मासिकात छापून आला. तीन मिनिटे कळ दाबली नाही तर तो पडदा काळा करायचा, बस्स. उडणारे टोस्टर वगैरे मंडळी 1989 च्या ‘आफ्टर डार्क’ या स्क्रीनसेव्हरच्या संचाबरोबर आली आणि हलते स्क्रीनसेव्हर मग विंडोजबरोबर घरोघर पोचले. आपल्याकडे संगणकाच्या पहिल्या क्लासमध्ये वॉलपेपर आणि स्क्रीनसेव्हर बदलायला शिकणे हा मोठा आनंद होता. सायबर कॅफेत दुकानाचे नाव डावीकडून उजवीकडे धावायचे, पाइपांचे जाळे वाढत जायचे. माझ्या वयाच्या शिक्षकांना त्या गोष्टींची माया आहे आणि ती मला कळते. मलाही आहे.

पण उपाय पुढे सरकला होता. 1993 मध्ये व्हेसा या पडद्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेने डीपीएमएस हे मानक आणले. संगणकाने मॉनिटरला इशारा द्यायचा आणि मॉनिटरने स्वतःच झोपायचे. आज लॅबमध्ये असलेला प्रत्येक एलसीडी मॉनिटर हा इशारा ओळखतो. एलसीडीच्या काचेवर तसा फॉस्फरचा थर नाही, त्यामुळे पूर्वीची झीजही नाही. कधीकधी चित्राची फिकट छाया राहते, पण ती सहसा आपोआप जाते, आणि पडदा विझवणे हा तिच्यावरचाही उत्तम उपाय आहे.

आता विजेकडे येते, कारण माझा खरा जीव तिथे अडकला आहे.

एलसीडीच्या काचेमागे दिवा असतो. जुन्यांमध्ये बारीक ट्यूब, नव्यांमध्ये एलईडी. पडद्यावर काय दिसते आहे याच्याशी बहुतेक मॉनिटरमध्ये त्या दिव्याचा संबंध नसतो. पांढरे पान असो, तारे चमकत असोत किंवा नुसता काळा रंग असो, दिवा तितकाच जळतो. एकोणीस इंची साध्या मॉनिटरला साधारण 20 वॅट लागतात असे धरा; झोपल्यावर तोच एक वॅटच्याही खाली येतो. म्हणजे ‘काळा स्क्रीनसेव्हर लावला आहे, वीज वाचते’ हा समज एलसीडीवर लागू होत नाही.

दुसरी बाजू सीपीयूची म्हणजे प्रोसेसरची, आणि ती जास्त वाईट आहे. आजकालचा प्रोसेसर रिकामा असला की क्षणाक्षणाला डुलकी काढतो. त्यातच त्याची बचत असते. हलणारे चित्र काढायला लावले की डुलकी संपली. त्यातून जुन्या मशीनचे ग्राफिक्स कार्ड ओपनजीएल या चित्रे काढायच्या पद्धतीच्या नव्या आवृत्तीला पुरे पडत नसेल, किंवा त्याचा ड्रायव्हरच चालत नसेल, तर मेसा हे लिनक्समधले चित्रे काढणारे सॉफ्टवेअर सगळे चित्र प्रोसेसरकडूनच काढून घेते. मग कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरचे मशीन समोर कोणी नसताना पूर्ण ताकदीने धावते, पंखा घोंघावतो, खोका तापतो. मे महिन्यात पत्र्याच्या छताखालच्या खोलीत याचा अर्थ काय होतो, हे विदर्भात किंवा मराठवाड्यात लॅब लावून दिलेल्यांना सांगायला नको. आणि हे कशासाठी, तर रिकाम्या खोलीत कोणीही न पाहणाऱ्या चित्रासाठी.

हिशोब मांडून पाहू. वीस मशीनची लॅब, दिवसातले तीन तास मशीन चालू पण समोर कोणी नाही. मॉनिटरचे 20 वॅट आणि हलत्या चित्रापायी प्रोसेसरचे वाढीव 30 वॅट धरले तर दर मशीनमागे 50 वॅट. वीस मशीनचे एक किलोवॅट, तीन तासांचे तीन युनिट. शाळेचे 200 दिवस धरले तर वर्षाला 600 युनिट. तुमची मशीन वेगळी असतील, आकडा कमीजास्त होईल. स्वस्त वॅटमीटर मिळतो, तो लावून स्वतः मोजा. थकलेल्या बिलापायी जिल्हा परिषदेच्या शाळेची वीज तोडल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. तिथे 600 युनिट म्हणजे काय, ते मुख्याध्यापकांना विचारावे. शिवाय ही वीज बव्हंशी कोळशातून येते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या परिसरात राहणाऱ्यांना त्या धुराबद्दल आणि राखेबद्दल माझ्यापेक्षा जास्त सांगता येईल.

आणि लाईट जाते तेव्हा? शाळेला इन्व्हर्टर असला तर बहुधा एखाद्या 150 एएच बॅटरीवरचा. कागदावर 1800 वॅट-तास. बॅटरी पार रिकामी करायची नाही आणि इन्व्हर्टरची घट वगळायची, तर हातात 1200 पडले तरी चांगले. खोक्याचे 50, मॉनिटरचे 20 आणि हलत्या चित्राचे 30, अशी पाच मशीन ही बॅटरी अडीच तासांच्या आतच संपवतात. चित्र बंद, पडदा विझलेला असेल तर तीच बॅटरी पावणेपाच तासांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात पाचातली दोन-तीन मशीन वापरात असतात, म्हणून फरक इतका मोठा राहत नाही. तरी प्रवेशाच्या दिवसांत दाखले काढायची गर्दी असताना अर्धा तास जास्त मिळाला, तरी बाहेर उभ्या पालकांचा खाडा वाचतो.

ग्नोम आणि केडीई हे लिनक्सवरचे मोठे डेस्कटॉप या गोष्टीतून आधीच बाहेर पडले आहेत. ग्नोमने 2011 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून हलत्या चित्रांचे स्क्रीनसेव्हर सोडले. केडीईनेही प्लाझ्मा या आपल्या डेस्कटॉपच्या पाचव्या पिढीत, 2014 मध्ये, ते काढले. काटकसरीच्या डेस्कटॉपवर मात्र ते टिकून आहेत. एक्सएफसीईचा आजचा स्क्रीनसेव्हर 2019 च्या 4.14 आवृत्तीच्या वेळी आला. तो माटे या दुसऱ्या डेस्कटॉपच्या स्क्रीनसेव्हरवरून घेतलेला, आणि माटेचा ग्नोमच्या जुन्या कोडवरून. म्हणजे ज्यांनी तो लिहिला त्यांनी तो केव्हाच मागे टाकला, आणि आपल्या गरीब मशीनवर तो वारसाहक्काने चालत आला. एक्सएफसीईच्या कार्यकर्त्यांवर हा ठपका नाही. त्यांना एक नीट कुलूप हवे होते आणि ते त्यांनी मिळवले. प्रश्न आपण त्यातले काय चालू ठेवून देतो याचा आहे.

कुलपाबद्दल मला सविस्तर बोलायचे आहे, कारण ‘स्क्रीनसेव्हर काढला तर लॉक कसा होणार?’ हा प्रश्न प्रत्येक कार्यशाळेत येतो.

शाळेच्या कार्यालयातल्या मशीनवर सरल आणि यू-डायस या सरकारी शालेय नोंदींच्या वेबसाइटची पाने उघडी असतात, त्यात मुलांची नावे, जन्मतारखा, आधारची माहिती असते. बाई पाच मिनिटांसाठी उठल्या तर ते मशीन कुलूपबंदच झाले पाहिजे, यात दुमत नाही. पण ते काम चित्राचे नव्हे. एक्स विंडो या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या लिनक्सच्या जुन्या पद्धतीत तर चित्र आणि कुलूप एकत्र असणे धोक्याचे आहे. तिथे कुलूप म्हणजे सगळा पडदा झाकणारी आणि कीबोर्ड-माऊस ताब्यात घेणारी एक साधी खिडकी. ती खिडकी काढणारा प्रोग्रॅम कोसळला की खालचा डेस्कटॉप उघडा. जानेवारी 2021 मध्ये लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर हेच घडले : एका गृहस्थांच्या मुलांनी खेळता खेळता खऱ्या आणि पडद्यावरच्या कीबोर्डवर भराभर कळा दाबल्या, कुलूप कोसळले आणि मुले आत गेली. त्यांनी ते रीतसर कळवले आणि मिंटने दुरुस्ती केली. माझ्या लॅबमधल्या मुलांच्या बोटांचा वेग पाहता, मला त्यात नवल वाटले नाही.

जेमी झाविन्स्की हे 1992 पासून एक्सस्क्रीनसेव्हर हा चित्रांचा आणि कुलपाचा प्रोग्रॅम सांभाळत आहेत, आणि त्यांचे म्हणणे वर्षानुवर्षे हेच आहे की कुलूप लावणारा भाग शक्य तितका लहान ठेवा, त्याला शोभेच्या गोष्टी जोडू नका. 2021 च्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी पासवर्ड विचारणारा भाग आणि चित्रे काढणारा भाग मुख्य प्रोग्रॅमपासून वेगळे काढले. दोनशेहून जास्त चित्रे ज्यांनी जपली, ते कुलपाच्या बाबतीत एवढे कडक आहेत. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँड या नव्या पद्धतीत परिस्थिती मुळातूनच बरी आहे : तिथल्या कुलपाच्या नियमानुसार कुलूप लावणारा प्रोग्रॅम कोसळला तरी कंपोझिटर, म्हणजे पडदा रंगवणारा मुख्य प्रोग्रॅम, पडदा उघडत नाही.

म्हणून कार्यालयात पक्के कुलूप, मागे कोरा पडदा. मुलांच्या लॅबमध्ये मात्र कुलूप नकोच. तिथे सगळ्यांचे एकच खाते असते, पासवर्ड फळ्याशेजारी लिहिलेला असतो, आणि कुलूप लागले की मुले सरळ बटण दाबून मशीन बंद करतात. त्यात फाइल जाते, कधी हार्ड डिस्कही.

आता सेटिंगबद्दल. इथे तुम्हीसुद्धा थोडे लक्ष द्याल तर बरे, कारण अडचण नेमकी इथेच होते. एक्सएफसीईवर पडदा काळा करू शकणारी ठिकाणे तीन तरी आहेत : पॉवर मॅनेजर, स्क्रीनसेव्हर, आणि खुद्द एक्स सर्व्हरचा, म्हणजे एक्स विंडो चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, सहसा दहा मिनिटांचा गजर. कुठे लाइट-लॉकर हा वेगळा कुलपाचा प्रोग्रॅम राहिला असेल तर चार. तुम्ही एक ठिकाण बदलून जाता, दुसरे आपले काम करत राहते. पॉवर मॅनेजरमध्ये पडद्यासाठी वेगवेगळे आकडे असतात. पहिला नुसता काळा करण्याचा, पुढचे मॉनिटरला झोपवण्याचे आणि बंद करण्याचे. पुष्कळ ठिकाणी फक्त पहिला आकडा भरलेला मला दिसला. पडदा काळा होतो, सगळ्यांना वाटते बंद झाला, आणि मागचा दिवा संध्याकाळपर्यंत जळतो. पारख सोपी आहे. मॉनिटरच्या कोपऱ्यातला छोटा दिवा रंग बदलून पिवळा-नारिंगी झाला किंवा लुकलुकू लागला, तर तो झोपला. तोच निळा किंवा हिरवा राहिला आणि खोलीतला अंधार करून पाहिल्यावर काचेच्या कडांतून राखाडी उजेड झिरपताना दिसला, तर तो जागा आहे. निघण्याआधी प्रत्येक मॉनिटरपाशी हे पाहाच.

पडदा विझवण्याविरुद्ध दोन तक्रारी येतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली प्रोजेक्टरची. शिक्षक फळ्यावर आकृती समजावत असतात, माऊसला हात लागत नाही आणि भर तासात प्रोजेक्टर काळा होतो. चिडून ते सगळी बचत कायमची बंद करून टाकतात. एक्सएफसीईच्या पॉवर मॅनेजरमध्ये प्रेझेंटेशन मोड आहे, एका टिचकीत चालू-बंद होतो. तो पॅनेलवर समोर ठेवा आणि शिक्षकांना दाखवून जा. ही पाच मिनिटे तुम्ही दिलीत तर वर्षभर सेटिंग टिकते.

दुसरी तक्रार शिपाईमामांची. पडदा विझला म्हणजे मशीन बंद, असे समजून ते किंवा पुढच्या तासाची मुले खोक्यावरचे बटण दाबतात आणि चालू काम जाते. ‘स्क्रीनसेव्हर असला की मशीन चालू आहे हे कळते,’ असे मला एका ज्येष्ठ शिक्षकांनी सांगितले, आणि स्क्रीनसेव्हरच्या बाजूने मी ऐकलेला हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. तरीही त्यासाठी रोज तीन युनिट जाळायची गरज नाही. पॉवर मॅनेजरमध्ये बटण दाबल्यावर काय व्हावे ते ठरवता येते; तिथे ‘विचारा’ निवडा. आणि मॉनिटरच्या चौकटीवर मराठीत चिठ्ठी चिकटवा : ‘मशीन चालू आहे, माऊस हलवा.’ आमच्याकडे या चिठ्ठीने जे काम केले ते कुठल्याही सेटिंगने केले नाही.

सस्पेंड, म्हणजे सगळे मशीनच झोपवणे, याहून उत्तम, कारण त्यात खोकाही दोन-चार वॅटवर येतो. पण जुन्या मदरबोर्डचा भरवसा नसतो. काही मशीन झोपतात आणि उठत नाहीत. एकेक मशीन झोपवून, उठवून पाहिल्याशिवाय सस्पेंड चालू करून जाऊ नका.

ओलेड या नव्या प्रकारच्या पडद्याचा अपवाद मला मान्य आहे. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळ्या रंगात वीज खरोखर वाचते आणि जुन्या डबा मॉनिटरसारखी सावलीही उमटू शकते. पण दान म्हणून आलेल्या मशीनमध्ये ओलेड मला अजून दिसलेला नाही, आणि दिसला तरी विझलेला पडदा त्यालाही चालतो. वाचनालयाच्या दारातला सूचनांचा पडदा हीदेखील वेगळी गोष्ट. तो वाचायला लोक असतात, त्या वेळात तो लावावा, रात्री बंद करावा.

मग एक्सस्क्रीनसेव्हरचा तो खजिना फेकून द्यायचा का? मुळीच नाही. उलट तो मुलांपर्यंत पोचावा असे मला मनापासून वाटते. त्यात चक्रव्यूह आधी तयार होतो आणि मग डोळ्यांदेखत सोडवला जातो; पेनरोजच्या फरश्या आहेत, सिरपिन्स्कीचा त्रिकोण आहे, चार मितींचा घन फिरतो, रेणूंच्या रचना दिसतात, पृथ्वीवर दिवस-रात्रीची सीमा सरकते. यातला प्रत्येक नमुना स्वतंत्र प्रोग्रॅम आहे आणि तो खिडकीत उघडता येतो. तो मेन्यूमध्ये ‘गणिताची चित्रे’ अशा नावाखाली ठेवा. आठवीतल्या मुलीने तो मुद्दाम उघडला, दहा मिनिटे पाहिला, ‘बाई, हा रस्ता कसा शोधतो?’ असे विचारले, तर त्या दहा मिनिटांची वीज सार्थकी लागली. त्याचा कोडही खुला आहे. सी भाषा शिकणाऱ्या अकरावीच्या मुलांना तो वाचायला देता येतो. एक नमुना मात्र यादीतून काढाच : बंद पडलेल्या यंत्रणांचे लाल-निळे संदेश हुबेहूब दाखवणारा. परक्या माणसाला तो खराच वाटतो आणि हात थेट प्लगकडे जातो.

तुमच्यातले बरेच जण यंदा मे-जूनमध्ये नव्या शाळांत जाणार आहात. एक मशीन नीट लावून त्याची प्रतिमा, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, बाकीच्यांवर उतरवण्याची तुमची पद्धत आहे. ती प्रतिमा घेण्याआधीच हे सगळे त्या पहिल्या मशीनवर करा, म्हणजे वीस वेळा करावे लागणार नाही. नवीन खाती ज्या साच्यावरून बनतात त्यातही तेच आकडे घाला, नाहीतर जुलैत नवे खाते उघडले की जुने सेटिंग परत येते.

आणि एका गोष्टीत मला तुमची मदत हवी आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची प्रणाली ऑक्टोबर 2024 मध्ये वेलँडवरच्या लॅबडब्ल्यूसी या कंपोझिटरकडे वळली, एक्सएफसीईच्या 4.20 मध्येही वेलँडची चाचणी सुरू झाली आहे. आज ना उद्या आपल्या लॅबही तिकडे जातील. दहा-बारा वर्षे जुन्या इंटेल मशीनवर वेलँडमध्ये मॉनिटर नीट झोपतो का, उठल्यावर पडद्याचा आकार तोच राहतो का, आणि व्हीजीए केबलवरचा प्रोजेक्टर परत दिसतो का, हे कोणी करून पाहिले असेल तर मशीनच्या मॉडेलसह कळवा. मी माझ्याकडच्या मशीनची यादी त्याच पद्धतीने लिहून काढते आहे.

आपली,
शाळेची संगणक लॅब सांभाळणारी एक शिक्षिका